गूगल क्लासरूमचं रुब्रिक: आठवीच्या मराठी प्रकल्पासाठी वर्षभर वापरलं, त्याबद्दल

मी बार्शीत एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आठवीच्या दोन तुकड्या माझ्याकडे आहेत, मिळून 94 मुलं. गूगल क्लासरूम म्हणजे मुलांना ऑनलाइन काम द्यायचं आणि तपासायचं गूगलचं साधन. गेल्या जूनपासून प्रकल्पाच्या वह्या मी त्यातल्या रुब्रिकवर तपासते आहे. ज्यांच्या टेबलावर आत्ता गठ्ठा पडला असेल त्यांना आधीच सांगून टाकते, जरूर वापरा. फुकट आहे, सोपं आहे, आणि माझ्या तपासणीत त्यानं खरोखर फरक पडला. पण त्यातल्या रिकाम्या चौकटी भरायला तीन संध्याकाळी काढून ठेवा. या साधनाची सगळी किंमत त्या चौकटींत तुम्ही काय लिहिता यावर आहे, म्हणून निम्म्याहून जास्त मजकूर मी त्यावरच लिहिणार आहे.

रुब्रिक म्हणजे एक तक्ता. डाव्या बाजूला निकष, म्हणजे आपण काय काय बघणार ते. प्रत्येक निकषापुढे पातळ्या, आणि प्रत्येक पातळीच्या घरात त्या पातळीचं काम कसं दिसतं याचं वर्णन आणि गुण. शब्द लॅटिन 'रुब्रिका'वरून आला, अर्थ तांबडी माती. जुन्या हस्तलिखितांत मथळे आणि सूचना तांबड्या शाईत लिहीत, त्यावरून तो सूचनांना चिकटला. आपल्याकडच्या पोथ्यांतही अध्याय संपल्याची खूण हिंगुळाच्या लाल रंगात केलेली दिसते. माझ्या हातातलं लाल पेन त्याच घराण्यातलं आहे असं समजल्यावर मला बरं वाटलं होतं.

रुब्रिकची गरज मला का पडली ते सांगते.

शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्रात 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सातवी-आठवीला आकारिकचे, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीचे, 40 टक्के आणि संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, 60 असे ठरले. आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं सगळं येतं. कल्पना उत्तम होती आणि अजूनही मला ती उत्तमच वाटते. पण प्रकल्पाला गुण नेमके कशाचे द्यायचे हे प्रत्येक शिक्षकानं आपापलं ठरवायचं होतं, आणि ठरवायला वेळ कुणाकडेच नव्हता. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. 'अभ्यासात रस घेतो', 'हस्ताक्षर सुंदर आहे', 'प्रगती समाधानकारक'. आम्ही त्या उतरवून काढल्या. मीही काढल्या, अनेक वर्षं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पुस्तिकेतला प्रकल्प तपासणीचा छापील तक्ता माझ्या हाती आला. पुस्तिकेचं आणि प्रकाशकाचं नाव इथं देत नाही, कारण तसे तक्ते सगळीकडे सारखेच असतात. भाषा शुद्ध व प्रमाण 4 गुण, आशय 3, सजावट व मुखपृष्ठ 3. एकूण 10. पुढे 'उत्तम', 'चांगले', 'बरे', 'सुधारणा आवश्यक' असे चार रकाने, आणि रकान्यांत तेच शब्द थोडे लांबवून लिहिलेले. आयता मिळाला म्हणून मी वापरला.

त्या वर्षीचा प्रकल्प होता घरातल्या किंवा ओळखीतल्या कष्टकरी माणसाची मुलाखत. एका मुलीनं आजीची घेतली. आजी वीसेक वर्षं बाजाराजवळच्या खानावळीत भाकरी थापायची. वही साधी, शंभर पानी, शेवटची पानं उलटी धरून लिहिलेली. मुलीनं विचारलं होतं, दिवसाला किती भाकरी व्हायच्या? उत्तर असं उतरवलं होतं: 'मोजल्या न्हाईत कदी. पीठ सरलं की दिस सरला.' त्यावर तिचा पुढचा प्रश्न, मग पीठ दळून कोण आणायचं? आजी म्हणाली, 'म्याच. पहाटं गिरणीत बसायची, तितंच डोळा लागायचा.' मग हाताला चटका बसला तर काय करायचीस, असं विचारलं होतं. 'पिठातच हात घालायचा. थांबायला कुटं येळ व्हता.'

मी हे रात्री दहा वाजता वाचलं आणि वही खाली ठेवली. मग तक्ता पुढं ओढला. भाषा शुद्ध व प्रमाण: 1. आशय: 3. सजावट: 1. एकूण पाच.

त्याच गठ्ठ्यात दुसरी वही होती, एका किराणा दुकानदाराच्या मुलाखतीची. रंगीत छापलेलं मुखपृष्ठ, वर प्लॅस्टिकचं आवरण. दहा प्रश्न, दहा उत्तरं. आपला छंद कोणता, आपला आदर्श कोण, विद्यार्थ्यांना काय संदेश द्याल. दुकानदार म्हणतो, 'परिश्रमाशिवाय यशाला पर्याय नाही.' ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. भाषा 4, आशय 2, सजावट 3. नऊ.

दोन्ही बेरजा तक्त्याप्रमाणे बरोबर होत्या. माझ्याकडून काही चुकलं नव्हतं आणि तरीही जे झालं ते चूकच होतं. रजिस्टरला पाच आणि नऊ गेले. त्या मुलीनं वही घेतली, गुण पाहिले, काही बोलली नाही. ते मला फार लागलं.

म्हणून पुढच्या जूनमध्ये मी स्वतः रुब्रिक बनवायला बसले. गूगल क्लासरूम 2014 पासून आहे. आमच्या शाळेनं शिक्षणासाठीची मोफत आवृत्ती घेतलेली होती, पण आम्ही ती गृहपाठ टाकण्यापलीकडे वापरत नव्हतो. असाइनमेंट, म्हणजे मुलांना द्यायचं काम, उघडून तिला नाव दिलं की उजवीकडे रुब्रिक जोडायचा पर्याय दिसतो. नवं बनवा, आधीच्या असाइनमेंटमधलं परत घ्या, किंवा गूगल शीट्समधून आणा. निकषाचं नाव, त्याचं वर्णन, मग पातळ्या. प्रत्येक पातळीला गुण, नाव आणि वर्णन. सगळं देवनागरीत टाइप करता येतं. एका रुब्रिकमध्ये 50 निकष आणि प्रत्येक निकषाला 10 पातळ्यांपर्यंत मुभा आहे. एवढे कुणी वापरू नयेत. मी चार निकषांवर थांबले. पाचवा घालून बघितला तेव्हा लक्षात आलं की दोन निकष एकच गोष्ट मोजतायत आणि एकाच चुकीसाठी पोराचे गुण दोनदा कापले जातायत.

माझे चार असे झाले. प्रश्न, 3 गुण. ऐकलेलं नेमकं उतरवणं, 3 गुण. मांडणी, 2. शुद्धलेखन, 2. सजावट काढून टाकली. बाजारातून छापून आणायला ज्याच्या घरी पैसे आहेत त्याला ते गुण मिळत होते, मराठीला नाही.

निकष ठरायला एक संध्याकाळ लागली. उरलेल्या दोन संध्याकाळी तक्त्याच्या घरांतली वर्णनं लिहिण्यात गेल्या. पहिल्या प्रयत्नात मी लिहिलं होतं, 'प्रश्न अतिशय योग्य', 'प्रश्न योग्य', 'प्रश्न काहीसे योग्य'. हे लिहून झाल्यावर वाचलं आणि त्या पुस्तिकेचाच वास आला. 'योग्य' या शब्दावरून तेरा वर्षांच्या मुलाला उद्या काय करायचं ते कळत नाही. आणि मलाही रात्री दहा वाजता कळत नाही.

मग उलट सुरुवात केली. जुन्या वह्या काढल्या, त्यातल्या पाच निवडल्या आणि विचार केला की या वहीत मला जे आवडलं ते कागदावर नेमकं कुठं दिसतं? आजीच्या वहीत ते दुसऱ्या प्रश्नात होतं. पिठाचा प्रश्न मुलीनं घरून लिहून आणलेला नव्हता, तो आजीच्या उत्तरातून निघाला होता. सापडलं! प्रश्नांच्या निकषाची घरं अशी झाली. तीन गुण: निदान दोन ठिकाणी आधीच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढला आहे. दोन गुण: एका ठिकाणी काढला आहे. एक गुण: प्रश्न त्या माणसाच्या कामाबद्दल आहेत, पण सगळे आधी ठरवलेले. शून्य: हेच प्रश्न कुणालाही विचारता आले असते.

दुसऱ्या निकषाचंही तसंच. तीन गुणांसाठी बोलणाऱ्याचे स्वतःचे शब्द अवतरणचिन्हांत निदान तीनदा यायला हवेत, आणि कामातली एखादी वस्तू, हत्यार, मोजमाप किंवा कृती त्याच्याच शब्दांत असावी. आमच्या पोरांनी यंदा त्यात काय काय आणलं! पोत्याला लावायचा हूक, सुतळीचा दाभण, तुरीचं कट्टं, शिवणयंत्राची बॉबिन. एका मुलानं मार्केट यार्डातल्या हमालाकडून पाठीवर पोतं घेताना मान कुठल्या बाजूला वळवायची ते विचारून घेतलं आणि चित्र काढून दाखवलं. त्या चित्राला वेगळे गुण नव्हते, तरी काढलं.

शुद्धलेखनाच्या घरांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण चूक तिथंच झाली होती. निकषाच्या वर्णनातच लिहिलं: 'अवतरणचिन्हाच्या आतली बोली चूक धरली जाणार नाही. तुमच्या स्वतःच्या वाक्यांचं शुद्धलेखन बघितलं जाईल.' दोन गुणांना एका पानावर पाचपर्यंत चुका चालतील. एक गुणाला त्याहून जास्त, पण वाचताना अडत नाही. शून्याला वाक्य दोनदा वाचावं लागतं. आकडा घातल्यामुळे माझाही हात स्थिर राहिला. पूर्वी सकाळच्या गठ्ठ्याला मी उदार असायचे आणि रात्रीच्या गठ्ठ्याला कडक, हे मला मनातून ठाऊक होतं.

पातळ्यांबद्दल एक सांगते. मोठ्या निकषांना चार ठेवा. तीन ठेवल्या की दमलेला हात आपोआप मधल्या घरात जातो आणि निम्मा वर्ग तिथंच गोळा होतो. लहान निकषांना तीन पुरतात. क्लासरूममध्ये प्रत्येक निकषाला पातळ्या वेगवेगळ्या ठेवता येतात, त्यामुळे हे जमतं. गुण न ठेवता नुसत्या वर्णनाचंही रुब्रिक करता येतं. घटक संपताना सरावाच्या लेखनाला मी तसंच देते, मग मुलं आकड्याऐवजी मजकूर वाचतात.

तक्ता वर्गात देण्याआधी मी शेजारच्या तुकडीच्या सरांना जुन्या पाच वह्यांच्या झेरॉक्स दिल्या, नावं झाकून. त्यांनी त्यांच्या घरी तपासल्या, मी माझ्या. ऑफ तासाला दोघांचे गुण शेजारी शेजारी मांडले. तीन निकषांत एखाद्या गुणाचा फरक होता. मांडणीत मात्र एका वहीला त्यांनी पूर्ण दोन दिले होते आणि मी शून्य. सर म्हणाले, "अहो मॅडम, परिच्छेद पाडलेत की व्यवस्थित." मी म्हटलं, "पण सर, प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं तेच कळत नाही." दोघंही खरं बोलत होतो, कारण घरात मी नुसतं 'मांडणी सुटसुटीत' लिहिलं होतं. ते काढून 'कोण बोलतंय ते प्रत्येक वेळी कळतं. सुरुवातीला त्या माणसाची ओळख दोन-तीन वाक्यांत आहे' असं केलं. पुन्हा तपासलं तर दोघांचे गुण जुळले. रुब्रिक बनवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, ही एक पायरी गाळू नका. अर्धा तास लागतो. सरांना मग मी तेच रुब्रिक शीट्समध्ये काढून पाठवलं, त्यांनी त्यांच्या वर्गात आणून घेतलं. एकदा तयार झालेलं असं फिरवता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

क्लासरूमचा एक नियम काही सहकाऱ्यांना आवडत नाही. एकदा रुब्रिकवर गुण द्यायला सुरुवात केली की रुब्रिक बदलता येत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. पहिल्या वीस मुलांना एक माप आणि उरलेल्यांना दुसरं, असं करायची वाटच बंद होते. म्हणूनच जुन्या वह्यांवर आधी पारखून घ्यायचं.

तपासताना मुलाचं काम एका बाजूला आणि रुब्रिक दुसऱ्या बाजूला दिसतं. घरावर टिचकी मारली की गुण पडतात, बेरीज आपोआप होते. आमच्याकडे मुलं वहीतच लिहितात आणि पालकांच्या फोनवरून फोटो टाकतात. ज्यांच्या घरी संध्याकाळी फोन मोकळा नसतो त्यांची वही मी हातात घेऊन तपासते आणि त्याच तक्त्याचा छापील कागद आत ठेवते. सुरुवातीला एका वहीला आठ-नऊ मिनिटं लागत होती, पूर्वीपेक्षा जास्त. दुसऱ्या आठवड्यात पाचावर आले. रुब्रिक बनवायचं काम मी शाळेच्या संगणकावरच करते. एवढा मजकूर फोनवर टाइप करण्यात अर्थ नाही.

पण या साधनात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते हे, की काम देतानाच मुलाला रुब्रिक दिसतं. तपासणीनंतर दिसणारं माप आणि कामाआधी दिसणारं माप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी पहिल्याच दिवशी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, आणि आजीची वही (नाव न सांगता) आणि मी स्वतः रचलेली एक गुळगुळीत मुलाखत फळ्यावर शेजारी लिहून मुलांनाच गुण द्यायला लावले. पंधरा मिनिटं नुसता गलका. शेवटी वर्गानं आजीला प्रश्नांसाठी तीन दिले, आणि दुसऱ्या मुलाखतीला शून्य.

मग मधल्या सुट्टीत पोरं येऊ लागली. "बाई, मी विचारलं दुकान किती वाजता उघडता, ते म्हणाले दूधवाला येईल तेव्हा. मग मी विचारलं दूधवाला आला नाही तर? हा उत्तरातून काढलेला झाला का?" झाला की! एक मुलगा, एरवी वही वेळेवर न देणारा, स्वतःला प्रश्नांत एक गुण देऊन आला आणि म्हणाला, परत जाऊन विचारून येऊ का? चार दिवस जास्त दिले. तो यार्डात पुन्हा गेला.

सगळ्या लेखनाला रुब्रिक लावू नका. दुसऱ्या सत्रात कवितालेखनाला मी लावून पाहिलं आणि लगेच काढलं. 'दोन प्रतिमा असाव्यात' असं लिहिलं की कवितेत मोजून दोन प्रतिमा येतात. तिथं मी नुसता शेरा लिहिते. आणि रुब्रिक वापरलं तरी शेरा सोडू नका. घरावरून पोराला आपण कुठं आहोत ते कळतं. पुढं कुठल्या वाक्यापासून सुरुवात करायची ते आपण समासात लिहावं लागतं. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, निबंधाला आठ गुण असतात, त्यासाठी असंच चार निकषांचं रुब्रिक मी यंदा नववीपासून सुरू करणार आहे. आशय, मुद्द्यांचा क्रम, उदाहरण आणि भाषा, दोन-दोन गुण. 'उदाहरण' वेगळं ठेवलं आहे, कारण आमच्या मुलांचे वैचारिक निबंध तिथंच कोरडे पडतात.

आजीची मुलाखत घेणारी मुलगी आता नववीत आहे. गेल्या महिन्यात तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. तिच्या वहीची झेरॉक्स माझ्याकडे होतीच. नव्या रुब्रिकवर तपासलेले गुण तिच्यापुढं ठेवले: प्रश्न 3, नेमकं उतरवणं 3, मांडणी 1, शुद्धलेखन 1. आठ. रजिस्टरमधले पाच आता बदलता येणार नाहीत, पण तपासणीत चूक माझी झाली होती, हे तिला सांगितलं.

तिनं कागद नीट वाचला. म्हणाली, "बाई, शुद्धलेखनात एकच का?"

मी वही उघडून दाखवलं. 'दीवस', 'गीरणी', 'पिठ'. एका पानावर सात. तिनं बोट ठेवून सातही मोजले, मग मधल्या ओळींवर आली.

"आजीचं बोलणं नाही ना कापलंत?"

"नाही. तिथं एकही नाही."

"मग बरोबर आहे," म्हणाली, आणि झेरॉक्स घरी न्यायला मागितली, आजीला वाचून दाखवायला.